प्रश्न करताना 'डू' कधी आणायचं नि कधी नाही?

सेलूची आत्या
माझा भाचा सातवीला आहे, सेमी इंग्रजीला. संध्याकाळी दप्तर घेऊन माझ्यापाशी बसतो. काल विधानांचे प्रश्न करायचे होते. 'रवी इज अ फार्मर'चं 'इज रवी अ फार्मर?' पटकन केलं. त्याच हिशोबानं पुढं 'रवी ग्रोज कॉटन'चं लिहिलं 'ग्रोज रवी कॉटन?' मी खोडून 'डज रवी ग्रो कॉटन?' लिहून दिलं, तर म्हणतो, "आत्या, हे डज कुठून आलं? विधानात तर नव्हतं की!" शिवाय 'ग्रोज'मधला एस कामून गेला, हे वेगळंच. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, आणि सरांनी तक्ता पाठ करून घेतलेला. कारण विचारायची सोय नव्हती. मराठीत 'रवी कापूस लावतो'ला नुसता 'का' जोडला की भागतं. पोराला पटेल असं कुणी सांगाल का?

नांदेडकर
'रवी ग्रोज कॉटन?' असं आवाज चढवून म्हणलं तरी चालतं की. पिक्चरमध्ये सगळे तसंच बोलतात.

अंबाजोगाईची शिकवणी
ताई, तक्ता बाजूला ठेवा. आधी नकार करायला सांगा, प्रश्न नंतर. रवी कापूस लावत नाही: 'रवी डज नॉट ग्रो कॉटन'. हे त्याला येत असेल, 'आय डोन्ट नो' तर पोरं पहिलीपासून म्हणतात. आता 'नॉट'च्या अलीकडं जो शब्द उभा आहे तो उचलून कर्त्याच्या आधी ठेवायचा नि नॉट पुसायचा. झाला प्रश्न. 'रवी इज नॉट अ फार्मर', 'रवी कॅनॉट स्विम', सगळीकडं हेच.

अ‍ॅम, इज, आर, वॉज, कॅन, विल हे वाक्यातले सालगडी. घरचेच, म्हणून हाक मारली की तेच पुढं येतात. ज्या वाक्यात असं कुणी नाही तिथं डू रोजंदारीवर आणायचा. आणि एस कुठं गेला नाही, तो 'डज'मध्ये जाऊन बसला. मी फळ्यावर 'ग्रोज'चा एस लाल खडूनं लिहिते, 'डज'चाही लालच. 'डज रवी ग्रोज' लिहिलं की एका वाक्यात दोन लाल दिसतात, मग पोरंच ओरडतात. भूतकाळात तसंच. 'वेन्ट' म्हणजे डिड नि गो एकात. डिड वेगळा काढला की मागं नुसता गो उरतो. 'डिड ही वेन्ट?' लिहिणारे मात्र कॉलेजातही भेटतात.

खरा घोळ 'हॅव'चा. 'शी हॅज ईटन'मध्ये हॅज सहायक, म्हणून 'हॅज शी ईटन?' पण 'शी हॅज अ सायकल'मध्ये तेच मुख्य क्रियापद, म्हणून 'डज शी हॅव अ सायकल?' 'शी हॅज टू गो'चंही 'डज शी हॅव टू गो?' इथंही नकारच करून बघा: 'शी हॅजन्ट ईटन', पण 'शी डजन्ट हॅव टू गो'. जुन्या पुस्तकांत 'हॅव यू अ पेन?' सापडेल. चूक नाही, पण आता तसं फारसं कुणी बोलत नाही.

आणि भाच्याला रागावू नका. 'ग्रोज रवी कॉटन?' ही इंग्रजीचीच जुनी तऱ्हा. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'व्हॉट थिंक यी' असं, डू शिवाय, विचारलंय.

नांदेडकर दादा, आवाज चढवून चालतं खरं, पण तेव्हा बोलणारा खात्री करून घेत असतो नाहीतर नवल करत असतो. पेपरात नका लिहू, मार्क जातील.

सेलूची आत्या
मॅडम, नकाराचं त्याला जमलं. धडाधड दहा वाक्यं केली नि मग मलाच अडवलं: 'हू टोल्ड यू?' मध्ये डिड का नाही?

उदगीरहून
मी सांगतो. तुला कोणी सांगितलं? 'हू टोल्ड यू?' तू कोणाला सांगितलंस? 'हू डिड यू टेल?' आपल्याकडं 'कोणी' आणि 'कोणाला' यातच उलगडा होतो. इंग्रजी बोलण्यात दोन्हीकडं 'हू'च, म्हणून ते काम डिड करतो. करणाऱ्यालाच विचारताय तर 'हू' स्वतः कर्त्याच्या जागी बसलेला असतो. डिड ज्याच्या आधी ठेवायचा असा दुसरा कर्ताच उरत नाही. 'व्हॉट हॅपन्ड?' तसंच.

अंबाजोगाईची शिकवणी
बरोबर. फक्त एवढं जोडा: 'कोण आलं?' हे 'हू केम?', पण 'कोण आलं नाही?' हे 'हू डिडन्ट कम?' तिथं नॉटला टेकायला डिड लागतोच. पोरगं हे उद्या विचारणार, आजच सांगून ठेवा.