मदत हवी आहे: डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर निवडताना 'अनुभव' नेमका कसा मोजावा?

नमस्कार.

मी गेली एकोणीस वर्षे फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहते. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एक लेख लिहायला घेतला आहे आणि त्यातल्या मुख्य मुद्द्यावरच अडले आहे. अमेरिकन फुटबॉलमधला एखादा व्यावसायिक संघ आपल्या बचावाची सूत्रे अनुभवी माणसाच्या हाती देतो, तेव्हा त्या अनुभवातून संघाला प्रत्यक्षात काय मिळते, हा लेखाचा विषय आहे. उदाहरण अर्थातच आमच्या ईगल्सचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी व्हिक फँजिओ यांना नेमले आणि तेरा महिन्यांनी संघ सुपर बोल, म्हणजे एनएफएल या लीगचा अंतिम सामना, जिंकला.

हा खेळ परिचित नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. या खेळात आक्रमण करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा खेळाडू वेगळे असतात आणि दोन्ही तुकड्यांचे प्रशिक्षकही वेगळे असतात. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करतो, पण बचावापुरता तो बहुतेक ठिकाणी स्वतंत्रच असतो. आठवडाभर प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती पाहून डावपेच आखणे आणि सामन्यात प्रत्येक चालीआधी कोणती रचना लावायची हे सांगणे, ही त्याची दोन मुख्य कामे. २००८ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ असतो; त्यावरून रचना कळवली जाते आणि चालीच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. म्हणजे निर्णयाला काही क्षणच मिळतात आणि असे निर्णय एका सामन्यात साठ-सत्तर वेळा घ्यावे लागतात.

आता प्रसंग सांगते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईगल्स सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सकडून ३५-३८ असे हरले आणि दोनच दिवसांत त्यांचे कोऑर्डिनेटर जोनाथन गॅनन अ‍ॅरिझोना कार्डिनल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. तोपर्यंत बहुतेक अनुभवी माणसे दुसरीकडे गेली होती. त्या मोसमात ईगल्सनाच सल्ला देणारे फँजिओ यांनीही मायामी डॉल्फिन्सचे काम स्वीकारले होते. कार्डिनल्सनी गॅनन यांच्याशी नियमात न बसणाऱ्या वेळी संपर्क साधल्याचे पुढे मान्य केले आणि भरपाई म्हणून दोन्ही संघांत ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतल्या) निवडींची अदलाबदल झाली, पण गेलेले दिवस त्यातून परत मिळणारे नव्हते.

ईगल्सनी मग शॉन देसाई यांना नेमले. २०२१ मध्ये शिकागो बेअर्सकडे हे पद मिळाले तेव्हा ते या लीगमधले भारतीय वंशाचे पहिले कोऑर्डिनेटर ठरले होते. त्यांनी आमच्याच शहरातल्या टेम्पल विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेतली आहे आणि शिकागोत त्यांनी चार वर्षे खुद्द फँजिओंच्या हाताखाली काम केले आहे. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता आणि शाळेच्या संघात सेफ्टीच्या, म्हणजे सर्वांत मागे राहणाऱ्या बचावपटूच्या, जागी खेळत असे. त्या वर्षी आमच्या घरात देसाईंचे नाव किती वेळा उच्चारले गेले ते मला आजही आठवते.

संघ १०-१ अशा स्थितीत होता, म्हणजे दहा विजय आणि एक पराभव. मग फोर्टी-नाइनर्सनी त्यांच्यावर ४२ गुण चढवले, काउबॉइजनी ३३, आणि मोसमाचे चार सामने उरलेले असताना चाली ठरवण्याचे काम देसाईंकडून काढून मॅट पॅट्रिशिया यांना देण्यात आले. पॅट्रिशिया यांच्यामागे न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या बचावाचा अनेक वर्षांचा अनुभव होता. तरीही त्यानंतरच्या पाच सामन्यांत (शेवटचा बाद फेरीतला) ईगल्स चार हरले. त्यांतला एक पराभव गॅनन यांच्या कार्डिनल्सनी केला आणि शेवटचा टँपा बेने ३२-९ असा. त्यानंतर देसाईंना काढण्यात आले. माझ्या मुलाने त्या दिवशी विचारले, "आई, ते खरंच वाईट होते का?" त्याला मी प्रामाणिक उत्तर देऊ शकले नाही आणि लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

फँजिओ आले तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. ते पेनसिल्व्हेनियातल्याच डनमोर गावचे. त्यांनी १९९५ मध्ये, संघाच्या पहिल्याच मोसमात, कॅरोलायना पँथर्सकडे प्रथम हे पद सांभाळले आणि त्यानंतर इंडियानापोलिस, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो आणि मायामी येथेही. २०२३ मध्ये दिलेल्या यार्डांच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मिळवू दिलेल्या अंतराच्या (कमी तितके चांगले), हिशेबात ईगल्सचा बचाव बत्तीस संघांत २६ वा होता. २०२४ मध्ये तो पहिला आला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये त्यांनी चीफ्सना ४०-२२ असे हरवले. त्या सामन्यात संघाने एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या, आक्रमणाच्या सूत्रधारावर) नेहमीच्या चौघांपलीकडे जादा माणूस धाडला नाही, आणि तरी चीफ्सचे क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स सहा वेळा चेंडूसह पाडले गेले.

हे सारे अनुभवाचे फळ म्हणावे, असा लेखाचा पहिला मसुदा होता. पण पुन्हा वाचताना मला तो पटेना. देसाईंना मिळालेल्या संघातून हारग्रेव्ह, गार्डनर-जॉन्सन, एप्स आणि दोन्ही प्रमुख लाइनबॅकर (पुढच्या फळीमागचे बचावपटू) त्याच वसंतात निघून गेले होते. याउलट फँजिओंना पहिल्याच वर्षी ड्राफ्टमधून क्विन्यन मिचेल आणि कूपर डिजीन मिळाले आणि न्यू ऑर्लीन्सकडून झॅक बॉन आले. शिवाय पॅट्रिशिया यांचा अनुभव कमी नव्हता, तरी त्याने काही सावरले नाही. मग अनुभव मोजायचा कशात? वर्षांत, आकड्यांत, की आणखी कशात? संघाचे व्यवस्थापन मुलाखतीत काय पाहत असेल? दुसऱ्या संघाशी करार असलेल्या माणसाला बोलावण्याचे नियम काय आहेत? आणि एक छोटी विनंती: 'डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर'ला सुटसुटीत मराठी शब्द कोणी सुचवेल का? 'बचाव समन्वयक' लिहिले की एखाद्या शासकीय समितीतले पद वाटते.

प्रतिसाद १

नमस्कार ताई. प्रश्न चांगला मांडला आहे. तुम्ही पॅट्रिशिया यांचा मुद्दा ओझरता लिहिला आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. कोऑर्डिनेटरचा अनुभव म्हणजे त्याने वर्षानुवर्षे घडवलेली पद्धत, तिची परिभाषा आणि ती शिकवण्याचा क्रम. हे सगळे एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत खेळाडूंच्या अंगवळणी पडावे लागते. डिसेंबरमध्ये नुसता हाक देणारा, म्हणजे चालीआधी रचना सांगणारा, बदलला तर खेळाडू जुन्याच भाषेत विचार करत राहतात आणि हाक देणाऱ्यालाही परक्या भाषेत बोलावे लागते.

फँजिओंची पद्धत बाहेरून साधी दिसते. चाल सुरू होण्याआधी दोन सेफ्टी खोलवर उभे असतात, त्यामुळे मागे पास रोखण्याची नेमकी कोणती रचना येणार हे क्वार्टरबॅकला कळत नाही. चेंडू हलल्यावर त्यांतला एक पुढे येतो, किंवा दोघेही मागेच राहतात. लांब पास द्यायचा नाही, छोटे यार्ड देऊ करायचे आणि पुढच्या चौघांवर भिस्त ठेवायची. कबड्डी पाहणाऱ्यांना समजावताना मी सांगतो की कोपरारक्षक आणि मध्यरक्षक आपापली जागा न सोडता चढाईपटूला आत येऊ देतात, आणि साखळी कोणत्या बाजूने आवळणार हे त्याला शेवटपर्यंत समजू देत नाहीत. पण हे जमायला सगळ्यांनी एकाच क्षणी एकच वाचन करावे लागते, आणि ते शिकायला वेळ लागतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ईगल्सनी त्याच टँपा बेकडून ३३ गुण खाल्ले होते, हे लेखात जरूर घ्या. तेव्हा संघ २-२ असा होता. फँजिओंचा अनुभव त्या दिवशीही तेवढाच होता.

प्रतिसाद २

आकड्यांवरून माणूस जोखण्यात किती धोका आहे याचे सर्वांत ठळक उदाहरण मला स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांचे वाटते. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांच्या बचावाच्या जोरावर न्यूयॉर्क जायंट्सनी तोवर अपराजित असलेल्या पेट्रियट्सना १७-१४ असे रोखले. २०१२ मध्ये ते न्यू ऑर्लीन्स सेंट्सचे कोऑर्डिनेटर होते आणि त्या बचावाने मोसमात ७,०४२ यार्ड दिले, जो लीगच्या इतिहासातला नकोसा विक्रम ठरला. त्या वर्षी संघाचे मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन पूर्ण मोसमासाठी निलंबित होते, हेही विसरता येत नाही. २०१८ मध्ये स्पॅग्नुओलो यांच्याकडे कोणताच संघ नव्हता. २०१९ मध्ये चीफ्सचे मुख्य प्रशिक्षक अँडी रीड यांनी त्यांना कॅन्सस सिटीला बोलावले आणि पाच मोसमांत तीन सुपर बोल आले.

रीड यांनी फक्त २०१२ चा तक्ता पाहिला असता तर ही नेमणूक झालीच नसती. परंतु फिलाडेल्फियात दोघांनी अनेक वर्षे एकत्र काम केले होते, त्यामुळे हा माणूस कसा शिकवतो आणि अपयशात कसा वागतो हे रीड यांना प्रत्यक्ष ठाऊक होते. कोऑर्डिनेटर वेड फिलिप्स यांचेही तसेच आहे. २०१४ चा मोसम घरी बसून काढल्यावर त्यांना डेन्व्हरला नेमले ते मुख्य प्रशिक्षक गॅरी क्युबियक यांनी, ज्यांच्यासोबत त्यांनी ह्यूस्टनमध्ये काम केले होते. पुढच्याच मोसमाअखेर सुपर बोल ५० मध्ये डेन्व्हरने कॅरोलायनाला २४-१० असे हरवले. फँजिओ स्वतः मायामीतून एकाच मोसमानंतर परस्परसंमतीने बाहेर पडले. अनुभव तोच, माणूस तोच, तरी एका ठिकाणी सूत जुळले नाही आणि दुसऱ्या ठिकाणी जुळले. त्यामुळे मुख्य प्रशिक्षकाशी असलेले नाते मी आकड्यांच्या आधी ठेवेन.

प्रतिसाद ३

नियमांविषयी थोडे. दुसऱ्या संघात हेच पद सांभाळणाऱ्या, कराराने बांधलेल्या कोऑर्डिनेटरला तो संघ मुलाखतीची परवानगी नाकारू शकतो, कारण ती बढती ठरत नाही. मात्र खालच्या पदावरच्या प्रशिक्षकाला कोऑर्डिनेटरपदासाठी बोलावले, तर मोसम संपल्यापासून १ मार्चपर्यंत त्याला अडवता येत नाही. हा बदल २०२० मध्ये झाला. त्याच वर्षी रूनी नियमाची व्याप्ती कोऑर्डिनेटरपदापर्यंत वाढवण्यात आली, म्हणजे अल्पसंख्याक उमेदवारांच्या मुलाखती याही पदासाठी बंधनकारक झाल्या. प्रशिक्षकांचे वेतन खेळाडूंच्या वेतनमर्यादेत धरले जात नाही, म्हणून चांगल्या माणसावर खर्च करायला मालकाला नियमाची आडकाठी नसते.

एक गोष्ट लेखात वेगळी मांडावी असे सुचवतो. अनुभवी माणूस एकटा येत नाही. फँजिओंबरोबर क्रिश्चन पार्कर, क्लिंट हर्ट आणि जो कॅस्पर हे सहायक प्रशिक्षक आले. तिघांनीही आधी कुठे ना कुठे त्यांच्यासोबत काम केलेले होते. पहिल्या दिवसापासून ती परिभाषा बोलणारे तीन शिक्षक मैदानावर असणे ही फार मोठी जमेची बाजू आहे. आणि झॅक बॉन यांचे काय झाले ते पाहा: न्यू ऑर्लीन्समध्ये प्रामुख्याने कडेला आणि विशेष तुकड्यांत (किकच्या वेळी उतरणाऱ्या) वापरलेला हा खेळाडू एका वर्षाच्या करारावर आला, त्याला आतल्या लाइनबॅकरच्या जागी हलवले आणि तो त्याच मोसमात ऑल-प्रो ठरला, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. वर्षे मोजण्यापेक्षा ही नजर मोजता आली तर बघा. माझ्या दृष्टीने अनुभवाचा अर्थ हा आहे.

शब्दासाठी 'बचावप्रमुख' कसा वाटतो? मुख्य प्रशिक्षकाशी गोंधळ होत नाही आणि अधिकारही कळतो.

मूळ धागाकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. 'बचावप्रमुख' हा शब्द मी आजपासूनच वापरते आहे.

पहिल्या प्रतिसादातला भाषेचा मुद्दा वाचून मी मसुद्याची सुरुवात बदलली. देसाईंच्या बाबतीत मला आता असे म्हणावेसे वाटते की त्यांची निवड फेब्रुवारीच्या मध्यानंतर, घाईत झाली, त्यांना दोन्ही लाइनबॅकर नव्याने बसवावे लागले, आणि अडचण आली तेव्हा त्यांच्याच पद्धतीची सूत्रे दुसऱ्याच्या हाती गेली. त्यांच्याकडूनही चुका झाल्या. फोर्टी-नाइनर्सविरुद्ध उत्तरार्धात बचाव पूर्ण कोलमडला होता आणि ते मी लपवणार नाही. परंतु ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्याच माणसाला पुढच्या वर्षी नेमले गेले, म्हणजे मूळ विचारावर संघाचा विश्वास उडालेला नव्हता. मुलाला मी काल एवढे सांगितले आणि त्याने लगेच त्या मोसमातले सामने पुन्हा लावले.

दुसऱ्या प्रतिसादाशी मी एका बाबतीत असहमत आहे. जुने नाते आधी ठेवले तर नव्या माणसाला दार उघडणार कसे? देसाईंसारख्यांना पहिली संधी मिळण्यासाठी मुलाखतीत ऐकून घेण्याची तयारी नात्याइतकीच महत्त्वाची मानावी लागेल, आणि रूनी नियमाचा परिच्छेद मी याच कारणाने लेखाच्या मध्यावर आणते आहे.

मजकूर ऑगस्टअखेर द्यायचा आहे. सप्टेंबर २०२४ मधला टँपा बेविरुद्धचा सामना आणि त्यानंतरच्या सुट्टीच्या आठवड्यानंतरचे सामने कोणी बारकाईने पाहिले असतील, तर बचावाच्या रचनेत नेमका काय फरक पडला, विशेषतः डिजीन यांना आतल्या बाजूच्या कॉर्नरबॅकच्या (पास झेलणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या बचावपटूच्या) जागी आणल्यावर, ते कृपया इथे सविस्तर लिहावे.