विषय: लेक सुपीरिअर – आजी-आजोबांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,
सासू-सासरे साताऱ्याहून आलेत. शाळा सुरू व्हायच्या आत, ऑगस्टमध्ये सगळ्यांनी मिळून इथे मिनेसोटात लेक सुपीरिअरला, त्या मोठ्या तळ्यावर, जायचं ठरतंय. आईंचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. मुलांना पाणी आणि दगड मिळाले की झालं. तळ्याकाठच्या डुलुथ शहरातच राहावं की किनाऱ्याने पुढे जावं?
– रॉचेस्टरहून

*

उत्तर: लेक सुपीरिअर

ताई, जरूर जा. एक रात्र डुलुथला काढा आणि पुढचा मुक्काम किनाऱ्याच्या हायवे 61 वर टू हार्बर्स गावाच्या पुढे करा. तिकडे स्वयंपाकघर असलेल्या केबिनी मिळतात, म्हणजे वरण-भाताची सोय होते.

डुलुथला बंदराच्या तोंडाशी कॅनल पार्कमध्ये जहाजांच्या वेळा बघूनच पोचा. जहाज भोंगा देतं, लिफ्ट ब्रिजही भोंग्यानेच उत्तर देतो आणि पुलाचा रस्ता सरळ वर उचलला जातो. खनिजाची हजार फुटी बोट अगदी समोरून जाते. आईंना हे सगळं बसल्या जागी दिसेल.

दुसऱ्या दिवशी गूजबेरी फॉल्स, धबधब्यांचं स्टेट पार्क. व्हिजिटर सेंटरपाशी गाडी लावलीत तर पार्कचा परवाना लागत नाही, आणि मधल्या धबधब्यापर्यंत पक्की वाट आहे. तिथला काळा कातळ बाबांना मुद्दाम दाखवा. साताऱ्याच्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल, कारण हाही लाव्ह्याचाच, बेसॉल्ट. सह्याद्रीचा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, हा सुमारे 110 कोटी! तेव्हा हे खंड मधोमध फाटायला लागलं होतं. लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि फाटणं अर्ध्यावरच थांबलं. तो खचलेला भाग पुढे हिमनद्यांनी कोरून काढला, त्यात आज हे तळं आहे. कातळ जवळून पाहिलात तर जाळीदार पावासारखी बारीक भोकं दिसतील. ते लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे. अशाच पोकळ्यांत सिलिका थराथराने साचून अगेट झाले, म्हणजे आपल्याकडचा अकीक. लोहामुळे इथले अगेट तांबडे. मुलांना ओल्या गोट्यांमध्ये शोधायला लावा: खडा सूर्यासमोर धरला की कडा लालसर उजळतात आणि आतले पट्टे दिसतात. स्टेट पार्कमधले खडे मात्र घरी आणायचे नाहीत, बघून तिथेच ठेवायचे. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.
– काका, एडन प्रेअरी

*

उत्तर: उत्तर: लेक सुपीरिअर

काकांच्या यादीत स्प्लिट रॉक दीपगृह हवंच. 1905 च्या नोव्हेंबरमधल्या वादळात या तळ्यावर खूप जहाजं फुटली, म्हणून 1910 मध्ये कड्यावर ते उभं राहिलं. आतलं अवजड भिंग पाऱ्यावर तरंगत फिरतं. आमच्या मुलाने तिथल्या माणसाला त्यावर प्रश्न विचारून विचारून भंडावलं होतं. दीपगृहाजवळ उतार थोडाच आहे, पण किनाऱ्यावर उतरायला पायऱ्या फार. आईंना वरच थांबू दे, तळं तिथूनही छान दिसतं.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. ऑगस्टमध्येही ते इतकं थंड असतं की मुलं अचानक खोलात गेली तर दम लागतो. डुलुथच्या पार्क पॉइंट किनाऱ्यावर वाळू सुंदर आहे, पण लाटा असल्या की पाणी आत ओढतं. लाटा असतील त्या दिवशी मुलांना पाण्यात सोडूच नका. आणि सगळ्यांचे स्वेटर घ्या. मिनियापोलिसला घाम फुटत असला तरी तळ्यावरचा वारा गारच असतो, आईंना तर कानटोपीही लागेल.

आमच्याकडे घडीची खुर्ची आहे, धबधब्यापाशी आईंना बसायला होईल. शनिवारी मंडळात घेऊन येते.
– ब्लूमिंग्टनहून