मदत हवी आहे: गिझर लावला की हॉलची लाईट डिम, देवघरातली फुल!

नमस्कार मंडळी, सांगली जिल्ह्यातलं गावाकडचं घर आहे, खालचं वायरिंग जुनं आणि वरचा मजला नंतर चढवलेला, तेव्हाच एसीसाठी थ्री फेज मीटर घेतला. पाऊस सुरू झाल्यापासून लाईट फडफडतेय. आधी वाटलं ट्यूब गेली, नवी एलईडी आणून लावली तर तीपण तशीच. वायरमन येऊन हॉलच्या बोर्डातले स्क्रू आवळून गेला, म्हणाला व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे स्टॅबिलायझर घ्या.

पण विचित्र प्रकार असा की वरचा 2 किलोवॅटचा गिझर चालू केला की हॉलचा पंखा हळू होतो, ट्यूब फडफडते, आणि त्याच वेळी देवघरातला जुना पिवळा बल्ब एकदम लख्ख होतो. मल्टिमीटर होता म्हणून मोजलं. गिझर बंद असताना सगळीकडे 230 च्या आसपास. चालू केला की हॉल 205 आणि देवघर-किचन 243!! एकाच घरात एक कमी एक जास्त कसं? एमसीबी एकदाही पडला नाही. फ्रिज किचनमध्ये आहे, आई म्हणतात आधी तो बंद कर. स्टॅबिलायझर घेऊ का?

प्रतिसाद:
आईंचं ऐका. फ्रिज, टीव्ही, सेटटॉप बॉक्स सगळ्यांच्या पिना आत्ता काढा आणि मग पुढचं वाचा.

न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) ढिला आहे. व्होल्टेज नुसतं कमी असतं तर सगळीकडेच लाईट डिम झाली असती. तुमच्याकडे एक फेज (गिझर-हॉलकडे करंट आणणारी वायर) खाली जातोय आणि दुसरा (देवघर-किचनचा) वर चढतोय, हे न्यूट्रल खराब झाल्याशिवाय सहसा होत नाही. तिन्ही फेजचा न्यूट्रल एकच असतो, त्याचा सांधा खराब झाला की ज्या फेजवर लोड जास्त त्याचं व्होल्टेज पडतं आणि उरलेल्या दोघांचं वाढतं. पूर्ण तुटला तर दोन फेजमधले 400 व्होल्ट तुमच्या उपकरणांत वाटले जाणार, ज्याच्यावर लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त, म्हणजे बिचारा टीव्हीच जाणार. एमसीबी करंट बघतो, व्होल्टेज नाही, म्हणून तो पडत नाही. स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. आणि हिशोब करा, 25 व्होल्ट (230 वजा 205) गुणिले अंदाजे 8 अँपिअर म्हणजे 200 वॅट, त्यातली बरीचशी उष्णता कुठल्यातरी एका सांध्यात निघतेय. गिझर लावू नका, आग लागायची.

जाणकार वायरमनकडून मेन स्विचच्या इनकमिंगला (मीटरकडून वायर आत येते तिथे) मोजण्यापुरता गिझर लावून मोजून घ्या, मल्टिमीटर आहे म्हणून स्वतः उघडू नका. तिथेही 205-243 येत असेल तर दोष मीटरकडे किंवा पोलकडे, तिथे ठीक असेल तर घरात. फेज ते फेज 400 च्या आसपासच राहिलं तर दोष न्यूट्रलचाच, शंकाच नको. शेजाऱ्यांनाही विचारा, त्यांचीपण डिम-फुल होत असेल तर डीपीपासूनच (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) घोळ.

जुन्या घरात न्यूट्रललापण किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, तार घालायचा) टाकलेला असतो तो काढून टाका, तिथे सरळ लिंक पाहिजे. आणि कोणी "तात्पुरतं अर्थिंग न्यूट्रलला जोडतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. अर्थिंग कच्चं असेल तर गिझर, फ्रिज सगळ्यांच्या बॉडीत करंट उतरेल.

धागाकर्ता:
बाप रे, गिझर बंद केला लगेच. शेजारी सिंगल फेज आहेत, त्यांना काही त्रास नाही. दुसरा वायरमन आणला, मोजण्यापुरता गिझर लावला तर इनकमिंगलाच 204 आणि 243, फेज टू फेज 398. मग वीज कंपनीच्या 1912 ला तक्रार टाकली. पोलवरून येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची आणि खाली तिच्या न्यूट्रलला तांब्याचा तुकडा नुसता पिळून जोडलेला, वर टेप. टेप काढला तर आतून काळं ठिक्कर, पांढरी भुकटी आणि इन्सुलेशन वितळलेलं. कापून नीट बायमेटल कनेक्टर (ॲल्युमिनियम-तांबं जोडायचा) टाकला. आता गिझर चालू ठेवून हॉल 226, देवघर 231.

एक राहिलं, वरच्या खोलीतला एलईडी बल्ब बटण बंद असतानाही रात्री मधूनच लुकलुकतो. हापण न्यूट्रलच का?

प्रतिसाद:
छान झालं. ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टरपण बसवून घ्या मेनला, परत न्यूट्रल गेलाच तर तो कापेल.

बल्बचं वेगळं आहे. त्या बटणात लाल इंडिकेटर आहे का? असेल तर त्यातून थोडासा करंट जात राहतो, बल्बच्या आतला कपॅसिटर हळूहळू भरतो, भरला की चमकून परत रिकामा. इंडिकेटर नसलेलं साधं बटण लावा. तरीही लुकलुकला तर बघा बटणावर फेजऐवजी न्यूट्रल आणलाय का, तसं असेल तर मात्र ती जोडणी बदलूनच घ्या, बल्ब बदलताना शॉक बसेल.

धागाकर्ता:
इंडिकेटर आहे! उद्या बटण बदलतो.