आईच्या हाताला स्मार्टफोनची सवय कशी लावावी?

प्रश्न (मूळ गाव घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. माझी आई 61 वर्षांची असून घरची पाच एकर कपाशी आणि तूर तीच पाहते. आजवर तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि त्यावरचे हिरवे व लाल बटण एवढेच तिला पुरत होते. दिवाळीला भावाने तिला स्मार्टफोन आणून दिला, परंतु महिना उलटला तरी तो कपाटातच आहे. तिने बोट ठेवले की कधी काहीच होत नाही, तर कधी पडद्यावरची चित्रे जागची हलतात किंवा दिसेनाशी होतात, आणि मग 'माह्याच्यानं होत नाही हे' असे म्हणून ती तो बाजूला ठेवते. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. मराठी सावकाश वाचते, इंग्रजी अक्षरे ओळखत नाही. मी नागपूरला राहत असल्यामुळे महिन्यातून दोनच दिवस तिच्याजवळ बसू शकते. त्या दोन दिवसांत तिला आधी काय शिकवावे, आणि काय इतक्यात शिकवू नये?

उत्तर 1 (निवृत्त शिक्षक, राळेगाव तालुका)

ताई, तुमच्या आईंना समजत नाही असे कृपया मानू नका आणि त्यांनाही तसे मानू देऊ नका. गेली तीन वर्षे मी गावातील बचत गटाच्या महिलांना फोन शिकवतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हीच तक्रार हटकून येते. स्मार्टफोनची काच दाब ओळखत नाही. बोट टेकल्यावर काचेवरील विद्युतभारात जो सूक्ष्म बदल होतो, तो ती ओळखते. वेचणीत बोंडाची वाळलेली टोके लागून बोटे चिरतात, राठ आणि कोरडी होतात, आणि अशा बोटाने तो बदल पुरेसा होत नाही. मग माणूस जोर लावतो, आणि जोराचा येथे काहीच उपयोग नसतो. ओलसर फडक्याला बोट पुसून, नखाने नव्हे तर बोटाच्या मांसल भागाने स्पर्श करण्यास सांगावे. पडद्यावर जाड संरक्षक काच लावली असेल, तर ती काढून पाहावी. काही फोनच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोयही असते.

चित्रे हलण्याचे कारण मात्र वेगळे आहे. बटणाच्या फोनची सवय असलेली व्यक्ती बोट टेकवून तसेच ठेवते, आणि फोन त्याचा अर्थ 'हे चित्र उचलून दुसरीकडे न्यायचे आहे' असा घेतो. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात 'टच अँड होल्ड डिले' (बोट किती वेळ टेकले तर ते 'धरून ठेवले' असे फोनने मानावे) नावाचा पर्याय असतो. तो 'लाँग', म्हणजे जास्त वेळ, वर ठेवावा. पहिल्या पडद्यावरील चित्रांची मांडणी कुलूपबंद करण्याची सोय असल्यास तीही चालू करावी. हे सारे केल्याशिवाय मी पहिला धडा सुरूच करत नाही. आमच्या गटातील एका आजींनी इतरांना समजावले होते की, तव्यावरची भाकर झाली का हे पाहताना बोट लावून लगेच उचलतो, तसेच येथे करायचे. त्याहून चांगले शब्द मला अजून सापडलेले नाहीत.

पहिल्या दिवशी दोनच गोष्टी पुरेत: आलेला फोन उचलणे आणि कुठेही अडकल्यास पहिल्या पडद्यावर परत येणे. बऱ्याच फोनवर हिरवे चिन्ह टेकवायचे नसते, सरकवायचे असते. तुम्ही शेजारच्या खोलीतून वीस वेळा फोन करा आणि त्यांना वीस वेळा उचलू द्या.

उत्तर 2 (मोबाइल दुरुस्ती, दारव्हा)

गुरुजींनी सांगितलेले सर्व खरे आहे. मी दुकानात रोज पाहतो ती अडचण दुसरीच आहे. फोन घेताना कोणीतरी घाईने गूगल खाते उघडून देतो, पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि फोन बिघडला की त्यातील नंबर व नातवंडांची छायाचित्रे परत मिळवणे फार कठीण होते. खाते आईंच्याच नावाने उघडावे, त्यात तुमचा नंबर पर्यायी म्हणून नोंदवावा, आणि पासवर्ड घरातील वहीत लिहून ठेवावा.

फोनची भाषा मराठी करावी, अक्षरे मोठी करावीत, आणि पहिल्या पडद्यावर घरच्यांचे फोटो लावलेले नंबर, व्हॉट्सॲप, कॅमेरा व टॉर्च एवढेच ठेवावे. मृगाच्या आधी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲपही घालून द्यावे. ते आपल्या ठिकाणापासून 20 ते 40 किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. त्यासाठी नेट आणि लोकेशन चालू असावे लागते. उन्हाळ्यात टिनाच्या छताखाली फोन तापतो, तेथे चार्जिंगला लावू नये.

उत्तर 3 (शेतकरी, वणी तालुका)

पैशांचे व्यवहार इतक्यात शिकवू नका, एवढेच मला कळकळीने सांगायचे आहे. गावच्या ग्रुपवर शेतकरी योजनेच्या नावाने एक एपीके फाइल (उघडली की थेट फोनमध्ये ॲप घालणारी) आली, ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून मी ती उघडली, आणि संध्याकाळपर्यंत खात्यातून 18,000 रुपये गेले. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 या क्रमांकावर त्याच क्षणी फोन करायला हवा होता. मी दुसऱ्या दिवशी केला. ॲप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्यायचे, आणि यूपीआयचा पिन पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही, या दोन गोष्टी आईंकडून पाठ करून घ्या.

टंकलेखनही राहू द्या. बोललेले मराठी लिहून देणारा माइक आहे, पण आपल्या वऱ्हाडीतले 'मले', 'तुले' तो बरेचदा भलतेच लिहितो. व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप पाठवायला शिकवा, त्यात जसे बोलू तसेच पोहोचते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

गुरुजी आणि दोन्ही दादा, मनापासून आभार. या रविवारी जाड काच काढली, 'लाँग' हा पर्याय ठेवला आणि आईला फडके ओले करून दिले. सुरुवातीचे अकरा फोन हुकले, बारावा तिने उचलला, आणि त्यानंतर थांबायला तीच तयार होईना. पैशांचे ॲप घातलेले नाही. पिनची गोष्ट मात्र सांगून ठेवली. आज सकाळी तिचा आवाजाचा पहिला निरोप आला: मागे वेचणाऱ्या बायांचा गलबला, आणि मध्ये ती विचारते आहे, 'आयकू येऊन रायलं काय वं?' ई-पीक पाहणीचे (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवण्याचे) फोटो सध्या शेजारचा मुलगा काढून देतो. ते तिला स्वतः काढायचे आहेत, त्याबद्दल खरिपाच्या वेळी पुन्हा विचारीन.