गिरगावची खोली सोडताना: सामानाचा विमा

विषय: गिरगावची खोली, सामान आणि बाबांची पॉलिसी
लंडनहून

नमस्कार मंडळी,

आमची गिरगावची चाळ पुनर्विकासाला जातेय. जूनअखेर खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत. आई-बाबा बोरिवलीला भाड्याच्या घरात जातील आणि तिथे मावणार नाही ते सामान भिवंडीच्या गोदामात ठेवायचं ठरलंय. पन्नास वर्षांचा संसार आहे. मी दोन आठवड्यांची रजा काढून येतेय.

बाबांनी घरातल्या सामानाचा ६ लाखांचा विमा काढलाय, भारत गृह रक्षा. खोली पागडीची, म्हणजे मालकीची नाही, म्हणून इमारतीचा नाही, फक्त सामानाचा. बाबांचं म्हणणं, विमा आहेच, मग पॅकर्सला इन्शुरन्सचे वेगळे पैसे कशाला द्यायचे? इथे माझ्या घराच्या पॉलिसीत, नेहमीच्या व्यावसायिक मूव्हर्सकडून घर हलवलं तर वाटेतही सामान कव्हर होतं. त्यामुळे मलाही त्यांचं पटलं होतं. पण काल पॉलिसीचा कागद वाचायला घेतला आणि मनात शंका आली.

आईचा सगळा जीव आजीच्या पायपेटीत आहे, पायाने भाता मारून वाजवायच्या. ती पेटी तीन मजले उतरवायची कशी, याच विचाराने आईला झोप नाही. कुणी मुंबईत अलीकडे घर हलवलंय का?

*

विषय: रिः गिरगावची खोली, सामान आणि बाबांची पॉलिसी
रीडिंगहून

ताई, माझ्या मते चालायला हवं. त्या पॉलिसीत आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल सगळं आहे. सामान तेच, मालक तोच. मग ते खोलीत असो की टेम्पोत, काय फरक पडतो? एकदा एजंटला फोन करून विचार, पण मला काळजीचं कारण दिसत नाही.

*

विषय: रिः रिः गिरगावची खोली, सामान आणि बाबांची पॉलिसी
पार्ल्याहून

नमस्कार,

मी मंडळाचा जुना सभासद. भारतात परत येऊन बरीच वर्षं झाली, पण मंडळाची ही मेल-लिस्ट अजून वाचतो. सहसा लिहीत नाही. ही मेल वाचून मात्र राहवलं नाही, कारण रीडिंगच्या भावाने जे लिहिलंय तेच मीही धरून चाललो होतो.

आम्ही लालबागहून पार्ल्याला आलो ते जुलैत. सकाळी टेम्पो भरला तेव्हा रिमझिम होती. दादरच्या हिंदमाताला पोचेपर्यंत रस्त्याची नदी झाली होती. टेम्पो अडीच तास तिथेच अडकला. ताडपत्री वरून होती, पाणी आलं खालून. पार्ल्याला खोके उतरवायला लागलो तर खालच्या थरातल्या खोक्यांचे तळ हातात आले. वडिलांच्या बांधून घेतलेल्या दिवाळी अंकांचा लगदा झाला होता. दोन गाद्या गेल्या, सागवानी कपाटाचे पाय फुगले आणि त्याची दारं आजतागायत नीट लागत नाहीत.

माझ्याही पॉलिसीत पूर होता. मी हक्काने क्लेम केला. उत्तर आलं ते दोन ओळींचं: नुकसान झालं तेव्हा सामान विमा उतरवलेल्या घरात नव्हतं. मी भांडलो, मग पॉलिसी शब्द न् शब्द वाचली, आणि कंपनीचं म्हणणं कागदाला धरून होतं.

तुझ्या बाबांची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ठरलेल्या नमुन्यातच द्यावी लागते, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, मजकूर तोच. त्यात काय-काय देणार नाही याची यादी आहे, ती काढ. घरातून दुसरीकडे हलवलेल्या वस्तूंचं नुकसान त्या यादीत सरळ लिहिलेलं सापडेल. नेमक्या कोणत्या घटनेत गेली हे सांगता येत नाही अशी हरवलेली वस्तूही त्यातच. म्हणजे बोरिवलीला पोचल्यावर एक खोका कमी निघाला, तर तोही गेला. चोरीचं कलम आहे, पण ते आग-पुरासारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरतं. टेम्पोतून मिक्सर पळवला तर त्याचा इथे संबंध नाही.

थोडक्यात, तो विमा सामानाचा असला तरी त्या पत्त्यावरच्या सामानाचा आहे. पायपेटीने उंबरा ओलांडला की तो संपला. लंडनच्या पॉलिसीत जे मिळतं ते इथे आपोआप मिळत नाही. इथे वाटेचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्याला ट्रान्झिट पॉलिसी म्हणतात आणि गंमत वाटेल, पण रस्त्याने जाणारा माल असला तरी तो येतो मरीन खात्यात.

आता पॅकर्सच्या कोटेशनमधली 'इन्शुरन्स' ही ओळ. हिच्यात मी दुसऱ्यांदा फसलो. माझ्याकडून जाहीर केलेल्या किमतीच्या ३ टक्के घेतले होते, ३ लाखांवर ९ हजार. वर जीएसटी. नुकसान झाल्यावर पॉलिसी नंबर मागितला तर म्हणाले, तो आमच्या रिस्कचा चार्ज आहे, कंपनीची पॉलिसी नव्हे. आणि बिल्टीच्या, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीच्या, मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं, 'माल मालकाच्या जोखमीवर'. म्हणजे पैसे भरले जोखीम त्यांनी घ्यावी म्हणून, आणि जोखीम राहिली माझीच. शेवटी २ हजार रुपये हातावर ठेवले.

म्हणून कळकळीने सांगतो, गाडी भरायच्या आधी विमा कंपनीचं सर्टिफिकेट हातात पाहिजे. त्यावर बाबांचं नाव, निघायचा आणि पोचायचा पत्ता, तारीख, गाडीचा नंबर, सामानाची किंमत. हे देता येत नसेल तर ती ओळ कोटेशनमधून काढून टाकायला सांग आणि कंपनीकडून स्वतः एका फेरीची पॉलिसी घे.

घेताना एक विचार, कुठला क्लॉज, म्हणजे कव्हरचा कुठला प्रकार? इनलँड ट्रान्झिटचे, म्हणजे देशातल्या देशात माल नेण्याचे, ए, बी आणि सी असे तीन असतात. सी म्हणजे जवळजवळ आग आणि वीज एवढंच. बी मध्ये त्याशिवाय गाडीची टक्कर, गाडी उलटणं, पूल कोसळणं वगैरे. ए सगळ्यात रुंद, नाकारलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळं. हिंदमाताचं पाणी बी मध्ये बसत नाही. जूनमध्ये गिरगाव सोडताय, तेव्हा ए च माग. वापरलेल्या घरगुती सामानाला ए द्यायला काही कंपन्या का-कू करतात. दोन-तीन ठिकाणी विचार, पहिल्या नकारावर थांबू नको.

*

विषय: रिः रिः रिः गिरगावची खोली, सामान आणि बाबांची पॉलिसी
लंडनहून

काका, तुमची मेल बाबांना फोनवर वाचून दाखवली. दिवाळी अंकांपाशी आले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घे बाई ती पॉलिसी."

शिफ्टिंगसाठी बिल्डरकडून वेगळी रक्कम मिळणार आहे, त्यातून प्रीमियम भागेल. पायपेटीची किंमत काय लावू? बाजारात विचारलं तर जुन्याचे फार काही सांगत नाहीत. आईचे दागिने मी स्वतः पर्समधून नेऊ का? आणि भिवंडीचं काय?

*

विषय: रिः रिः रिः रिः गिरगावची खोली, सामान आणि बाबांची पॉलिसी
पार्ल्याहून

दागिने आधी. ते टेम्पोत नकोत आणि पर्समध्येही नकोत. बँकेत लॉकर असेल तर घर हलवायच्या आठवडाभर आधी ठेवून ये. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसाची अफरातफर झाली तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँकेची जबाबदारी असते, १ जानेवारी २०२२ पासून तसा नियम आहे. शेअर सर्टिफिकेटं, पागडीच्या पावत्या, बिल्डरचा करार, पासपोर्ट मात्र तुझ्या खांद्याच्या पिशवीत. कागदपत्रं आणि रोकड यांना घराच्या पॉलिसीतही जागा नाही.

पायपेटीची किंमत मनाने लावू नको. गिरगाव-दादरकडे पेट्या दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्यातल्या एकाला घरी बोलाव, भाता आणि सूर तपासून तो लेटरहेडवर लिहून देईल. यादीत तिचा वेगळा आकडा टाक आणि निघण्यापूर्वी आईला दोन मिनिटं वाजवायला सांगून व्हिडिओ काढ. बाहेरून ओरखडा नसताना आतलं काही बिघडलं तर बहुतेक कंपन्या ते देत नाहीत, तेव्हा आधी ती वाजत होती याचा पुरावा हवा.

बाकी सामानाची किंमत कमी दाखवून प्रीमियम वाचवू नका. ४ लाखांच्या सामानाचा २ लाखांचा विमा काढला, तर १० हजारांच्या नुकसानीला ५ हजारच हाती येतात. काचेची भांडी पॅकर्सच्या माणसांनाच बांधू दे. आपण बांधलेल्या खोक्यातली फूट अनेक पॉलिसींत बसत नाही. आईला हे जड जाईल, तिला समजावून सांग.

तुमच्या चाळीचे जिने अरुंद, त्यामुळे आणखी एक विचारून घे. काही पॉलिसी सामान गाडीत चढल्यावर सुरू होतात. तीन मजले उतरतानाच पेटी हमालाच्या हातून निसटली तर ते बाहेर राहायला नको. घरातून उचलल्यापासून घरात ठेवेपर्यंत, असं कागदावर हवं.

भिवंडीसाठी ट्रान्झिट पॉलिसी पुरणार नाही, ती पोचल्यावर काही दिवसांत संपते. गोदामातल्या सामानाला आगीचा आणि घरफोडीचा विमा वेगळा. गोदामवाल्याची पॉलिसी असेलही, पण त्यात तुमचं सामान धरलंय का ते त्याच्याकडून लेखी घे. खरं विचारशील तर जे वर्षानुवर्षं बघणारही नाही ते भिवंडीला पाठवूच नका.

बाबांची पॉलिसी रद्द करू नका. नव्या पत्त्याचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची लेखी नोंद, घ्या, सामान बोरिवलीला पोचायच्या तारखेपासून. ते झाल्याशिवाय बोरिवलीच्या घरातलं सामान उघडंच आहे.

उतरवून घेताना पावतीवर 'सर्व माल ठीक' अशी सही मागतील. तपासल्याशिवाय करू नका, घाई झालीच तर 'खोके न उघडता घेतले' असं लिहून करा. नुकसान दिसलं तर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवायचं आणि पॅकर्सलाही लेखी द्यायचं. कॅरिज बाय रोड कायद्यात वाहतूकदारावर दावा करायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, आणि जास्त किंमत आधी जाहीर केली नसेल तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते. म्हणून बिल्टीवरही खरी किंमत लिहून घे. कंपनीने क्लेम विनाकारण अडवला तर विम्याच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल मुंबईत आहे, तिथे वकील लागत नाही. माझ्या वेळी मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

टेम्पो बंद बॉडीचा घे, ताडपत्रीचा नको. तळाला लाकडी फळ्या टाकायला सांग आणि त्यावर आधी पलंगाचे पाट, गाद्या वर. पायपेटी शेवटी चढव, म्हणजे बोरिवलीला आधी उतरेल. तारीख ठरली की कळव, मी सकाळी सातला चाळीत येतो. जिन्याच्या वळणावर एक माणूस उभा लागतोच.