विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणात आत्महत्येच्या विचारांविषयीचा प्रश्न ठेवावा का?

प्रश्न : खंडवा रोड

नमस्कार. मी इंदूरला समाजकार्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि लघुप्रबंधासाठी पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य हा विषय घेतला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यवार पाहिले तर महाराष्ट्र व तमिळनाडूनंतर आपल्या मध्य प्रदेशाचा क्रमांक लागतो. मी भंवरकुआ भागात राहते. आमच्या इमारतीत खरगोन, बडवानी, खंडवा, बुऱ्हाणपूर इथून आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली राहतात, त्यामुळे हे आकडे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर जिन्यात भेटणारे चेहरे येतात.

माझी योजना अशी आहे की तीन महाविद्यालयांतील मिळून ४०० विद्यार्थ्यांकडून पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली गूगल फॉर्मवर, नाव न विचारता, भरून घ्यायची. तिच्यातला नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत ‘मेलेले बरे’ असे वाटले का, किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार आला का, असा आहे. मार्गदर्शकांचे म्हणणे आहे की हा प्रश्न गाळून आठच प्रश्न ठेवावेत, कारण असे विचारल्याने नसलेला विचार मुलांच्या मनात येऊ शकतो आणि महाविद्यालयेही परवानगी देणार नाहीत.

मला खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. फॉर्म नीट चालतो का हे पाहण्यासाठी मी तो ओळखीच्या बारा विद्यार्थ्यांना पाठवला होता. उत्तरांच्या तक्त्यात सातव्या ओळीत नवव्या प्रश्नापुढे ‘जवळजवळ दररोज’ असे उत्तर होते आणि वेळ होती रात्री ११:५२. नाव विचारलेलेच नव्हते, त्यामुळे ती ओळ कोणाची हे मला कळण्याचा काहीच मार्ग नाही. याला आज तीन दिवस झाले. प्रश्न ठेवावा की काढावा, आणि ठेवला तर अशा उत्तराचे काय करावे, याविषयी अनुभवी लोकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त मनोसामाजिक कार्यकर्ती

ताई, प्रबंधाचा विचार नंतर करू, आधी ते बारा जण. आजच्या आज बाराही जणांना एकेकट्याने फोन करा आणि शक्य असेल त्यांना प्रत्यक्ष भेटा. ‘त्या फॉर्ममध्ये कोणीतरी फार त्रासात असल्याचे दिसले, तो तू असशील किंवा नसशीलही, पण मी प्रत्येकाला विचारते आहे’ असे सरळ सांगा आणि मग नववा प्रश्न तोंडी विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सगळ्यांना द्या. ती सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य चालते आणि हिंदी-मराठीतही बोलता येते. ज्याचे उत्तर ऐकून तुमचा जीव धास्तावेल त्याला एकटे सोडू नका आणि स्वतः सोबत जाऊन त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. बाणगंगेचे शासकीय मानसिक रुग्णालय आपल्या शहरातच आहे.

आता तुमच्या मार्गदर्शकांच्या शंकेविषयी. ती शंका प्रामाणिक आहे, मी नोकरीला लागले तेव्हा मलाही तसेच वाटत असे, परंतु संशोधनाने तिला दुजोरा दिलेला नाही. न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या मुलांना आत्महत्येविषयीचे प्रश्न विचारले, निम्म्यांना विचारले नाहीत, आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासले असता विचारलेल्या मुलांचा त्रास वाढलेला आढळला नाही. आधीपासून नैराश्यात असलेल्या मुलांना तर विचारल्याने थोडे हलकेच वाटलेले दिसले. त्यानंतर २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्याचाही निष्कर्ष हाच निघाला. तेव्हा विचारल्यामुळे विचार येतो ही भीती बाजूला ठेवता येईल. विचारायचे आणि मग उत्तराकडे पाहायचे नाही, यातला धोका मात्र खरा आहे, आणि तुमच्या सातव्या ओळीत नेमके तेच घडले.

यावर माझे मत स्पष्ट आहे. नववा प्रश्न अनामिक फॉर्मवर विचारू नये. अनामिकता आणि गोपनीयता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनामिक फॉर्ममध्ये उत्तर देणारा कोण हे कोणालाच कळत नाही, गोपनीय पद्धतीत ते एका जबाबदार व्यक्तीला कळते आणि तिच्यापलीकडे जात नाही. प्रत्येक फॉर्मवर फक्त एक क्रमांक टाका. क्रमांक व नावांची यादी बंद पाकिटात समुपदेशकाकडे राहू द्या, आणि नवव्या प्रश्नाला ‘काही दिवस’ एवढे उत्तर आले तरी त्याच दिवशी ते पाकीट उघडले जाईल, हे संमतिपत्रावर पहिल्याच परिच्छेदात लिहा. त्यामुळे काही विद्यार्थी भाग घेणार नाहीत, तर न घेवोत. फॉर्म शनिवारी दुपारी कधीही भरून घेऊ नका, कारण रविवारी ते पाहायला कोणी नसते.

नववा प्रश्न जोडप्रश्न आहे हेही लक्षात घ्या. नुसते जगणे नकोसे वाटणे आणि स्वतःला इजा करण्याचा विचार येणे यांत बरेच अंतर आहे, परंतु प्रश्न दोन्ही एकाच ‘हो’मध्ये बांधतो. म्हणून ‘हो’ आल्यावर समोर बसून पुढचे विचारावे लागते : नुसता विचार आहे, की काही ठरवले आहे, की पूर्वी प्रयत्न झालेला आहे. कोलंबिया मापनपट्टी यासाठीच आहे आणि तिचे प्रशिक्षण फार अवघड नाही. समुपदेशकाने विद्यार्थ्यासोबत बसून एक सुरक्षा योजना कागदावर लिहून घ्यावी. आपले मन खाली जाऊ लागले की आधी काय जाणवते, तेव्हा स्वतः काय करता येईल, कोणाकडे जाऊन बसता येईल, कोणाला फोन करायचा, अशी ती साधी यादी असते.

आणि नंतरचा संपर्क सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपले चेन्नईही होते. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्तींपैकी काहींना नेहमीचे उपचार दिले, तर काहींशी त्यासोबत तासभर बोलून पुढे अठरा महिने ठरावीक दिवशी फोन किंवा भेट चालू ठेवली. नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने २.२ टक्के मृत्यू झाले, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. अठरा महिन्यांत नऊच वेळा विचारपूस, तीही डॉक्टरनेच करावी असे नाही. एवढ्या साध्या गोष्टीचा एवढा परिणाम मी माझ्या नोकरीच्या काळात दुसऱ्या कशाचा पाहिलेला नाही.

परवानगीसाठी जाताना सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल सोबत ठेवा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे तुम्ही मागता तो समुपदेशक महाविद्यालयाने असाही नेमायचाच आहे. मुलांना पोलिसांची भीती वाटते, त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. एक गोष्ट मात्र रागावून नाही, काळजीने सांगते : बारा जणांची चाचणीसुद्धा नीतिसमितीच्या मंजुरीनंतरच करायची असते. पहिल्या वर्षाची कित्येक मुले सतरा वर्षांची असतात आणि त्यांच्यासाठी पालकांची संमतीही लागते.

उत्तर २ : सांख्यिकीचा शिक्षक

वरचे उत्तर मी दोनदा वाचले आणि त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. मी केवळ आकड्यांपुरते लिहितो, कारण प्रामाणिक हेतूने केलेले प्रबंध तिथेच घसरताना मी पाहिले आहेत.

आठ देशांतील १९ महाविद्यालयांच्या १३,९८४ प्रथम वर्ष विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत त्यात नव्हता. मागील बारा महिन्यांत आत्महत्येचा विचार आलेले विद्यार्थी सुमारे १७ टक्के होते आणि प्रयत्न केलेले सुमारे १ टक्का. आपल्याकडेही हेच प्रमाण आहे असे क्षणभर धरले, तर तुमच्या ४०० विद्यार्थ्यांत प्रयत्न केलेले चार निघतील, आणि चारावरून काढलेल्या अंदाजाची ९५ टक्के मर्यादा, म्हणजे खरे प्रमाण बहुधा ज्या टप्प्यात असेल तो टप्पा, साधारण ०.३ ते २.५ टक्के एवढी पसरते. त्या चारांची मुलगे-मुली, कला-विज्ञान, वसतिगृह-घर अशी विभागणी करून ‘अमुक गटात धोका अधिक’ असे लिहिणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे आहे. विचारांचे प्रमाण मोजा, ते ४०० मध्ये बऱ्यापैकी मोजता येईल. प्रयत्नांची तुलना करू नका.

दुसरे, या प्रश्नावलीवरून कोण पुढे काय करील हे सांगता येत नाही. समजा १,००० विद्यार्थ्यांत वर्षभरात प्रयत्न करणारे १० आहेत आणि तुमची चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ती १० पैकी ८ जणांना ओळखेल, परंतु उरलेल्या ९९० पैकी १९८ जणांवरही खूण करील. म्हणजे २०६ खुणांपैकी ८ खऱ्या, शंभरात चारसुद्धा नाहीत. पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये आला, त्यातही आपल्याला माहीत असलेल्या धोक्याच्या घटकांवरून केलेले भाकीत नाणेफेकीपेक्षा किंचितच सरस निघाले. याचा अर्थ त्या १९८ जणांकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे, तीही मुले त्रासातच आहेत. अर्थ एवढाच की गुणांवरून ‘धोक्यातील विद्यार्थी’ अशी यादी तयार करून ती प्राचार्यांच्या टेबलावर कधीही ठेवू नये. त्या यादीतल्या मुलाला पुढे वसतिगृहात जागा नाकारली गेली, तर तो अपराध आपल्या माथी येईल.

आणि फॉर्म कोणत्या आठवड्यात भरला हे नोंदवा. प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारते, त्यामुळे अंतर्गत परीक्षेच्या सुमारास घेतलेली उत्तरे आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरची उत्तरे एकाच सरासरीत मिसळू नयेत.

उत्तर ३ : मेसवाल्या काकू

मी संशोधक नाही. भंवरकुआजवळ चौदा वर्षे विद्यार्थ्यांची मेस चालवते, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट शब्दांची. आपल्या मराठी घरांत ‘यापेक्षा मेलेलं बरं’ हे भाजी करपली तरी म्हटले जाते, तेव्हा मराठी फॉर्मवर त्या शब्दांवर खूण करणारी सगळीच मुले तशा विचारात असतील असे नाही. उलट ज्यांना खरोखर फार जड जात असते ती मुले मरणाचे नाव काढत नाहीत. माझ्याकडची निमाडची मुले ‘मन नहीं लग रहा’ म्हणतात, बुऱ्हाणपूरची एक मुलगी ‘डोकं जड झालंय, काकू’ एवढेच म्हणत असे. तुमच्या फॉर्ममध्ये त्यांचे हे शब्द कुठे येतील, याचा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट अशी की तुम्ही फॉर्म वर्गात भरून घेणार आणि वर्गात येणारी मुले त्यातल्या त्यात बरी असतात. त्या मुलीचा डबा एकदा सलग चार दिवस न उघडता परत आला. पहिल्या दिवशी मला वाटले बाहेर जेवली असेल, दुसऱ्या दिवशी वाटले गावी गेली असेल. चौथ्या दिवशी डबा उघडला तर पोळ्या घडीच्या घडी तशाच होत्या, तेव्हा मी स्वतः तिच्या खोलीवर गेले. ती आठवडाभर महाविद्यालयात गेलेली नव्हती आणि नीट झोपलेलीही नव्हती. मी तिच्या आईला बोलावून घेतले, डॉक्टरांकडे आम्ही दोघी तिला घेऊन गेलो, आणि आज ती नोकरी करते. पण त्या आठवड्यात कोणी वर्गात फॉर्म वाटला असता, तर त्यात ती नसती. मेसचे रजिस्टर, वाचनालयाची हजेरी, खोलीचे मालक, यांच्यापर्यंत तुमचे संशोधन पोहोचेल का, हे मला विचारावेसे वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : खंडवा रोड

तिघांचेही मनापासून आभार. चाचणी मंजुरीआधी केली ही माझी चूक होती आणि ती मी मार्गदर्शकांना सांगितली आहे. त्यांनी उत्तर १ मधील दोन्ही अभ्यास वाचले आणि समुपदेशक उपलब्ध असेल तरच, या अटीवर नववा प्रश्न ठेवण्यास ते तयार झाले. तीनपैकी एका महाविद्यालयाने समुपदेशक देण्याचे मान्य केले आहे, म्हणून आता सर्वेक्षण तिथेच होईल, १८ वर्षे पूर्ण झालेल्यांचेच होईल आणि सोमवार ते गुरुवार सकाळीच होईल. गटागटांची तुलना काढून टाकली आहे. काकू, सलग पाच दिवस वर्गात न आलेल्या विद्यार्थ्यांना समुपदेशकाने स्वतः फोन करावा, असे मसुद्यात लिहिले आहे. फॉर्ममधल्या शब्दांसाठी एखाद्या दुपारी तुमच्या मेसमध्ये येऊन बसले तर चालेल का?

बारापैकी अकरा जणांशी बोलणे झाले. त्यांपैकी एकाने ती ओळ आपली असल्याचे सांगितले नाही, पण फोन ठेवता ठेवता ‘उद्या भेटू शकाल का’ असे विचारले. आम्ही काल भेटलो आणि उद्या सकाळी मी त्याच्यासोबत बाणगंगेला जाणार आहे. बारावी मुलगी फोन उचलत नाही. तिची खोली मला माहीत आहे, हे लिहून झाले की मी तिकडेच निघते आहे.