कलकत्ता १९४२: हरिकेन होती, तरी बॉम्बर निसटले कसे?

खडूफळा: २० डिसेंबर १९४२च्या रात्री जपान्यांनी कलकत्त्यावर पहिला बॉम्बहल्ला केला. नाताळातही हल्ले चालूच, माणसं शहर सोडून पळाली. ब्रिटिशांची हरिकेन लढाऊ विमानं तर होती. मैदानालगतचा रेड रोडसुद्धा युद्धात धावपट्टी म्हणून वापरला. मग जानेवारीत एकदम पारडं फिरलं ते कशामुळे? वैमानिक बदलले की विमानं?

निवृत्त रडारवाला: विमानं. पण खरा फरक पाठीमागे बसणाऱ्या माणसाचा. (जन्म रडारच्या पडद्यासमोर गेला, तेव्हा थोडा पक्षपात चालवून घ्या.)

हरिकेनमध्ये माणूस एकटा. नाकासमोर इंजिन, त्याच्या दोन्ही अंगांनी एक्झॉस्टच्या ज्वाळा. डोळे दिपू नयेत म्हणून मध्ये पत्रा लावायचे. जमिनीवरून 'शत्रू साधारण अमुक दिशेला' इतकंच कळणार, पुढचं सगळं नजरेवर. काळोखात शेजारून बॉम्बर गेला तरी पत्ता नाही.

जानेवारीत ब्रिटिश हवाई दलाच्या १७६ स्क्वाड्रनची बोफायटर विमानं आली. दोन इंजिनं, दोन माणसं आणि विमानातच रडार. मागचा ऑपरेटर रबरी झापडीत डोळे खुपसून दोन छोट्या पडद्यांकडे बघणार. एकावर शत्रू डावीकडे की उजवीकडे, दुसऱ्यावर वर की खाली. तोंडाने अखंड सूचना. गोम अशी, की रडारलहरींचा जमिनीवरून परतणारा प्रतिध्वनी पडदा भरून टाकायचा, त्यामुळे तुम्ही जितके उंच तितकाच पल्ला. दहा हजार फुटांवर असाल तर दोन मैलसुद्धा नाही. तिथवर जमिनीवरच्या कंट्रोलरनेच आणून सोडायचं. आणि शेवटच्या काही शे फुटांत शत्रूची खूण पडद्यावरून गायब! तिथून पुढे वैमानिकाने मागून, खालून, आभाळावर उमटलेली काळी आकृती शोधायची.

१५ जानेवारी १९४३ला सार्जंट प्रिंगने असेच तीन बॉम्बर काही मिनिटांत पाडले.

मधलीसुट्टी: आणि १९ तारखेचा, त्याच स्क्वाड्रनचा वैमानिक क्रॉम्बी? उजवं इंजिन पेटलेलं, तरी गडी गोळ्या झाडतोय. मग पॅराशूटने उडी. वाचलासुद्धा.

खडूफळा: मग जपान्यांनी कलकत्त्याचा नाद सोडला?

निवृत्त रडारवाला: रात्रीचा बराचसा. ५ डिसेंबर १९४३ला मात्र भरदिवसा आले, खिदिरपूरच्या गोदीवर. सोबत लढाऊ विमानांचा ताफा. त्या दिवशी प्रिंग हरिकेनमध्ये होता. परतला नाही.